पित्ताची गोळी आणि कोविड

रमजान आला की पित्ताच्या गोळीचा खप वाढतो. इफ्तारची भजी, सहरीचा घट्ट चहा आणि लगेच झोप. मग छातीत जळजळणारच. जिंतूरमधल्या कितीतरी घरांत फॅमोटिडीनची पट्टी डब्यात पडलेली असते. ही साधी, स्वस्त गोळी 2020 मध्ये एकाएकी कोविडचे औषध म्हणून गाजली.

26 एप्रिल 2020. आपल्याकडे त्या दिवशी दुसरा रोजा होता. ‘सायन्स’ नियतकालिकाने बातमी दिली की न्यूयॉर्कमधील नॉर्थवेल रुग्णालयांत कोविड रुग्णांना हे औषध शिरेतून, नेहमीच्या मात्रेच्या नऊपट, देऊन पाहिले जात आहे. मूळ निरीक्षण चीनमधील वुहानचे. डॉ. मायकेल कॅलाहन यांच्या ध्यानात आले की महागडे ओमेप्राझोल न परवडणारे, फॅमोटिडीन घेणारे गरीब रुग्ण अधिक वाचत होते. 6,212 रुग्णांच्या नोंदी पाहिल्या, तेव्हा फॅमोटिडीन घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण सुमारे 14 टक्के, न घेणाऱ्यांत 27 टक्के दिसले. आकडा डोळ्यांत भरणारा, पण हा फरक निव्वळ योगायोगाचाही असू शकतो, असेच संख्याशास्त्र सांगत होते.

मग काय झाले? हे औषध विषाणूच्या एका विकराला रोखेल, असा संगणकाचा अंदाज होता. प्रयोगशाळेत तो टिकला नाही. पुढील चाचण्यांतूनही त्याने जीव वाचतात याचा ठोस पुरावा हाती आला नाही, आणि कोविडच्या मान्य उपचारांत त्याला जागा मिळाली नाही. संशोधकांचे चुकले असे मी म्हणणार नाही. जुने, सुरक्षित, स्वस्त औषध नव्या आजारावर तपासून पाहणे शहाणपणाचेच आहे. घाई होते ती बातमी ऐकून मेडिकलकडे धावणाऱ्यांची.

भगिनींनो, खरी काळजी दुसरीच आहे. अब्बांच्या छातीत दुखू लागले, घाम फुटला, डाव्या हातात कळ गेली, की घरात आधी पित्ताची गोळी शोधली जाते. जिंतूरहून परभणी चाळीसेक किलोमीटर. गोळीचा गुण येतो का हे पाहण्यात अर्धा तास गेला, तर तो हृदयविकारात फार महागात पडतो. अशा वेळी गोळी नको, थेट दवाखाना आणि ईसीजी.

मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांत हे औषध शरीरातून लवकर निघत नाही. वृद्धांना त्याने भ्रम होऊ शकतो. त्यांची मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी. रोज गोळी लागत असेल, गिळायला त्रास होत असेल किंवा शौच काळे होत असेल, तर रमजान संपण्याची वाट पाहू नये.