लग्नाला बारा दिवस आणि पीलची घाई

"मॅडम, लग्नाला बाराच दिवस राहिलेत. तेवढं पील करून द्या की." मुलीच्या आईने मोबाइल माझ्यापुढे धरला. त्यावर कुणाचा तरी 'आधी' आणि 'नंतर'चा फोटो. मुलगी सावळी, गालांवर मुरमांचे तपकिरी डाग. मी नाही म्हणाले.

सांगलीत त्वचारोगांची प्रॅक्टिस करताना लग्नसराईत हा नकार मला वरचेवर द्यावा लागतो. मायलेकी हिरमुसून उठतात, ते मलाही लागतं. पण गेल्या उन्हाळ्यात आलेली एक मुलगी डोळ्यांपुढून जात नाही. तिला एका पार्लरमध्ये 'ग्लो पील' लावलं होतं. बाटलीत कोणतं आम्ल, किती टक्क्यांचं, हे लावणारीलाही माहीत नव्हतं. आग होतेय म्हटल्यावर 'म्हणजे काम करतंय' असं उत्तर मिळालं. गालांवर काळे पट्टे उठले आणि ते फिके पडायला आठ महिने गेले.

पील म्हणजे आम्लाने त्वचेचा वरचा थर मोजूनमापून सोलणं. आपल्या त्वचेला इजा झाली की ती तिथे जास्तीचा रंग तयार करते. डास चावून गेल्यावर उरणारा काळा ठिपका आठवा. थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी 1975 साली त्वचा उन्हात किती भाजते, किती रापते यावरून तिचे प्रकार पाडले. पुढे ते सहा झाले, आणि आपल्यातले बहुतेक लोक चौथ्या-पाचव्यात मोडतात. म्हणून गोऱ्या चेहऱ्यावरचा निकाल बघून आपलं पील ठरवता येत नाही. खोलवर जाणारं फेनॉल तर हृदयाचे ठोकेही बिघडवू शकतं. सावळ्या त्वचेसाठी मी त्याचा विचारही करत नाही.

तेलकट चेहरा आणि मुरमं असतील तर सॅलिसिलिक आम्ल बरं. ते तेलात विरघळतं, त्यामुळे बुजलेल्या रंध्रांत उतरतं. मात्र ॲस्पिरिनची ॲलर्जी असेल किंवा दिवस गेले असतील तर ते नको. ग्लायकोलिक उसातही असतं, त्यामुळे आमच्या ऊसपट्ट्यात त्याचं नाव निघालं की लोकांना ते निरुपद्रवी वाटतं. त्याचा रेणू लहान, तो झटकन आत शिरतो. घड्याळ समोर ठेवून ते लावावं लागतं आणि वेळेवर निष्प्रभ करावं लागतं. मिनिट चुकलं तर भाजतं. मँडेलिक कडू बदामाच्या कुळातलं. त्याचा रेणू मोठा, चाल सावकाश. सावळ्या, नाजूक त्वचेला पहिल्यांदा मी बहुधा तेच देते. टक्केवारीवरही विसंबू नका. 30 टक्के लिहिलेल्या दोन बाटल्यांचा पीएच वेगळा असेल तर त्यांचा जोरही वेगळा.

मेडिकलमधून आणलेलं गोरं करणारं मलम कोणतं लावता, हे मी खोदून विचारते. स्टेरॉइडची मलमं 2018 पासून चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, तरी ती सर्रास मिळतात. त्यांनी पातळ, लाल झालेल्या चेहऱ्यावर पील लावणं म्हणजे जखमेवर आम्ल ओतणं.

एसटीत वाहक असलेल्या एक ताई वांग घेऊन आल्या होत्या. त्यांना मी सहा आठवडे पील दिलंच नाही. रोज सनस्क्रीन, डोक्याला रुमाल, रात्रीचं मलम, एवढंच. मग तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने चार वेळा मँडेलिक. वांग पुरतं जाणार नाही आणि ऊन टाळलं नाही तर परत येईल, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ते फिकं झालं. ताई अजून सनस्क्रीनची नळी तिकिटांच्या पिशवीत ठेवतात.

माझी मागणी सरळ आहे. चेहऱ्याला पील लावणाऱ्याने आम्लाचं नाव, प्रमाण आणि स्वतःचं शिक्षण आधी लिहून द्यावं. ते मिळत नसेल तर खुर्चीतून उठा, पैसे भरले असले तरी.

त्या नवरीला मी म्हटलं, नवीन काहीही लावू नकोस, मुरमं फोडू नकोस, सनस्क्रीन सोडू नकोस. डाग दिसतील, दिसू देत. मांडवपरतणीला माहेरी आली तेव्हा ती पुन्हा क्लिनिकमध्ये आली. या वेळी आईने मोबाइल पिशवीतच ठेवला होता. मी महिन्याभराचं मलम लिहून दिलं आणि तिच्या कानामागे नखाएवढ्या जागेवर मँडेलिक लावून पाहिलं.