हौस म्हणू नका, काम म्हणा

"किती छान, हौसेनं अंक चालवता!" हे ऐकलं की हल्ली माझं डोकं फिरतं. हौसेनं सर्व्हर चालत नाही. डोमेनचं बिल दरवर्षी येतंच.

दिवसा मी कोड लिहितो. तिथं दोन ओळी बदलल्या तरी कुणीतरी तपासतं आणि तपासणाऱ्याला पगार मिळतो. रात्री मात्र मीच आमच्या मुद्रितशोधक मैत्रिणीला तीन अंक फुकट राबवलं. चौथ्याला ती म्हणाली, "आता नाही जमणार." अंक दोन महिने रखडला. चूक तिची नव्हती, माझी होती.

१९५४ साली मुंबईत अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि मित्रांनी 'शब्द' सायक्लोस्टाइल करून काढलं. त्याचे दाखले देत आपण कडकीलाच बाणा समजतो. अहो, कागद आणि शाई त्यांनाही फुकट मिळत नव्हती!

म्हणून यंदा ठरवलंय: आधी मुद्रितशोधनाचे पैसे, मग लेखकांचे, उरले तर मुखपृष्ठाचे. नाही जमले तर चारऐवजी दोनच अंक काढू. पण कुणाला फुकट राबवणार नाही.

आणि तुम्ही? बदाम पाठवू नका. एका कॉफीचे पैसे पाठवा.