४५ दिवसांचा विश्वास

भोसरीतील लहान कारखानदार मोठ्या उद्योगांना सुटे भाग पुरवतात. सभासमारंभांत त्यांना ‘भागीदार’ म्हणून गौरवले जाते; बिले मात्र अनेकदा महिनोन्‌महिने थकतात. म्हणजे दुबळ्याने बलवानाला बिनव्याजी कर्ज द्यावयाचे आणि कामगारांच्या पगारासाठी स्वतः व्याजाने पैसे काढावयाचे! सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी २००६ च्या कायद्याने देयकाला जास्तीत जास्त ४५ दिवसांची मुदत घातली. विलंबास बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याजही ठरवले. परंतु पुढचे काम हातचे जाईल या भयाने एकटा पुरवठादार तक्रार करीत नाही. भयाच्या पोटी विश्वास जन्मत नाही. म्हणून पुरवठादारांनी संघटितपणे हे व्याज मागावे. मोठ्या उद्योगांनी ते मागण्याची वेळच येऊ देऊ नये. मुदतीत चुकते झालेले बिल हाच भागीदारीचा खरा पुरावा होय.