स्मृतिभ्रंश आणि मुखत्यारपत्र

उतारवयातील विस्मरणाकडे आपला समाज आजवर थट्टेने तरी पाहत आला किंवा दैवाधीनतेने तरी. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आणि ‘म्हातारचळ’ हा शब्द या दृष्टीची साक्ष देतात. डॉक्टर ज्याला डिमेन्शिया किंवा स्मृतिभ्रंश म्हणतात, तो वार्धक्याचा अटळ धर्म नसून मेंदूचा विकार आहे, हे आता कोठे आपल्या ध्यानी येऊ लागले आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीच्या अंदाजाप्रमाणे साठ वर्षांवरील ७.४ टक्के भारतीयांना, म्हणजे सुमारे ८८ लाख वृद्धांना, हा विकार आहे. आणि त्याचे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत व शहरांपेक्षा खेड्यांत अधिक आहे. २०३६ पर्यंत ही संख्या १ कोटी ६९ लाखांवर जाईल, असाही तो अंदाज आहे. इतक्या लोकांच्या ठेवी, घरे, निवृत्तिवेतने व सात-बाराचे उतारे यांचे पुढे काय होणार, हा प्रश्न मात्र अद्याप कोणी गंभीरपणे विचारीत नाही.

समजा, एखाद्या निवृत्त मुख्याध्यापकांना आपली स्मृती ओसरत असल्याचे वेळीच कळले. माणूस व्यवहारी. त्यांनी वकिलाकडे जाऊन मुलीच्या नावे कुलमुखत्यारपत्र केले, ते रीतसर नोंदविले आणि ते निश्चिंत झाले. चार वर्षांनी ते मुलीलाच ओळखेनासे होतात, रात्रंदिवस माणूस ठेवावा लागतो, आणि मुलगी वडिलांची मुदत ठेव मोडण्यासाठी ते पत्र घेऊन बँकेत जाते. भारतीय करार कायद्याच्या २०१ व्या कलमान्वये मुखत्यार नेमणारा मनुष्य विकलबुद्धी झाला की मुखत्यारी संपुष्टात येते. म्हणजे ज्या दिवसासाठी हे पत्र केले, तो दिवस उजाडताच ते निष्प्राण होते! वृद्धाची सही थरथरत असेल तर दोन साक्षीदारांसमोर, त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी, अंगठा घेऊन पैसे देण्याची सोय बँकांच्या नियमांत आहे. हात दुबळा झाल्यास कायद्याला उपाय सुचतो. बुद्धी दुबळी झाली की तो हात वर करतो.

व्यवहारात लोक काय करतात, हे सांगावयास नको. एटीएमचे कार्ड आणि त्याचा गुप्त अंक मुलाच्या खिशात असतो. धनादेशावर आधीच सह्या घेऊन ठेवलेल्या असतात. अंगठा उमटविला जातो. यांतील बहुतेक पैसा औषधांवर व शुश्रूषेवरच खर्च होतो, याविषयी मला शंका नाही. पण प्रामाणिक मुलीला जी आडवाट धरावी लागते, तीच लबाड पुतण्यालाही मोकळी असते, आणि दोघांत भेद करण्याचे साधन कोणापाशीच उरत नाही.

ही पोकळी पूर्वी एवढी मोठी नव्हती. १९१२ च्या कायद्यात आणि त्याच्या जागी आलेल्या १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात जिल्हा न्यायालयाने रुग्णाच्या मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमावा, अशी तरतूद होती. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाच्या हक्कांची भाषा आणली, हे स्वागतार्हच. परंतु जुना कायदा रद्द करताना मालमत्तेसंबंधीचे ते प्रकरणही गेले आणि त्याच्या जागी काही आले नाही. १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आत्ममग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व व बहुविकलांगता यांपुरताच आहे. उरते ते उच्च न्यायालय. २०२० साली मुंबई उच्च न्यायालयाने कोमात गेलेल्या पतीची पालक म्हणून त्याच्या पत्नीची नेमणूक केली. अशा नेमणुका अन्य प्रकरणांतही झाल्या आहेत. न्यायालयाचे हे औदार्य खरे, पण औशाच्या किंवा गडहिंग्लजच्या कुटुंबाने एक ठेव मोडण्यासाठी रिट याचिका करावी, ही अपेक्षा वास्तवाला धरून नाही.

गंमत अशी, की हा करार कायदा १८७२ साली इंग्रजांनी येथे केला. त्यांनी स्वतःच्या देशात १९८५ साली कायदा करून बुद्धी गेल्यावरही टिकणारे मुखत्यारपत्र मान्य केले. २००७ पासून तर तेथे मालमत्तेप्रमाणेच उपचार व शुश्रूषा यांच्या निर्णयांसाठीही असे मुखत्यारपत्र करता येते. आपण मात्र त्यांची जुनी वही जपून ठेवली आहे.

आजच्या कायद्यातही काही दारे उघडी आहेत, ती वेळीच गाठली पाहिजेत. विकाराचे निदान झाले म्हणजे मृत्युपत्र करण्याचा अधिकार गेला, असे नव्हे. १९२५ च्या वारसा कायद्याच्या ५९ व्या कलमात बुद्धी ठिकाणावर असतानाच्या काळात केलेले मृत्युपत्र ग्राह्य मानले आहे. डॉक्टरांचा त्या दिवशीचा दाखला जोडलेला असल्यास पुढील भांडण टळते. २०१७ च्या कायद्याने आपल्यावर कोणते उपचार व्हावेत वा होऊ नयेत हे आगाऊ लिहून ठेवण्याचा, आणि आपला प्रतिनिधी नेमण्याचा, हक्क दिला आहे. त्यातील मनोविकाराच्या व्याख्येत स्मृतीचा गंभीर बिघाडही येतो. असाध्य अवस्थेत कृत्रिम साधनांनी आयुष्य लांबवू नये, ही इच्छाही सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निर्णयानुसार लिहून ठेवता येते. २०२३ पासून त्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्याची गरज उरली नसून नोटरी वा राजपत्रित अधिकारी पुरतो. या साऱ्यांसाठी लवकर निदान हवे. ते आणखी एका कारणासाठी हवे. थायरॉइडची न्यूनता, ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव, किंवा नैराश्य यांमुळेही माणूस विसरभोळा होतो, आणि ते उपचारांनी सुधारू शकते.

शुश्रूषेचा खर्च हा निराळाच विषय. सत्तरीवरील सर्वांना २०२४ पासून लागू झालेली पाच लाखांची आयुष्मान योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होण्याचा खर्च देते. हा रुग्ण वर्षानुवर्षे घरात असतो. त्याच्या सेवेसाठी नोकरी सोडणाऱ्या सुनेचे वेतन कोणत्याच हिशेबात धरले जात नाही. म्हणूनच रुग्णाचा स्वतःचा पैसा त्याच्याच कामी येणे अगत्याचे ठरते.

टिकाऊ मुखत्यारपत्राला आक्षेप घेतला जाईल तो लबाडीच्या भीतीने. ती भीती अनाठायी नाही. ज्याच्यावर लक्ष ठेवणारा मालकच उरलेला नाही, अशा मुखत्याराला मोह होणारच, हे अर्थशास्त्राने सांगावयास नको. परंतु देखरेखीसाठी नवे खाते उघडण्याचे कारण नाही. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यान्वये प्रत्येक उपविभागात न्यायाधिकरण आहे. त्याचा अध्यक्ष उपविभागीय अधिकाऱ्याच्या दर्जाचा असतो. मुखत्याराने वर्षातून एकदा त्याच्यापुढे जमाखर्च ठेवावा, घर विकावयाचे झाल्यास आधी त्याची परवानगी घ्यावी, आणि रुग्णाच्या अन्य नातलगांना तो हिशेब पाहता यावा, एवढी तरतूद करार कायद्यातील दुरुस्तीसोबत करता येईल. निवृत्तिवेतनासाठी दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला मागणाऱ्या शासनाला वर्षाकाठी आणखी एक कागद मागणे जड जाऊ नये.