बैलाला बेंदूर, मालकाला काय?



गेल्या हंगामात माझा तीस गुंठे टोमॅटो गेला. करपा नाही, व्हायरस नाही, गारपीट नाही. माझ्याच हातानं गेला. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. आज लिहितोय, कारण ह्यात मी एकटा नाही हे आता कळलंय.

झालं असं. रात्रीच्या लाईटची पाळी होती. सलग चार रात्री उसाला दारं धरत होतो. पहाटे घरी येऊन पाठ टेकवतोय तोवर धारेची वेळ. चौथ्या दिवशी टोमॅटोवर फवारणी ठरलेली. शेडमधला पंप उचलला, औषध कालवलं, मारून मोकळा झालो. आठवडाभरात शेंडे आकसले, पानं दोरीसारखी वळायला लागली. मला वाटलं व्हायरस. ओळखीचा एक कृषी पदवीधर पोरगा आहे, त्याला फोटो पाठवले. त्यानं एकच प्रश्न विचारला, "दादा, ह्या पंपानं आधी काय मारलं होतं?"

त्याच पंपानं उसात टू-फोर-डी मारलं होतं. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा, हे मीच ह्या पेजवर दोनदा लिहिलेलं आहे. पंपाला खूण म्हणून लाल फडकं पण बांधलेलं होतं. ते मला दिसलंच नाही.

घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "तुम्हाला माहीत नव्हतं असं नाही. चार रात्री झोप नाही तुम्हाला. फडकं काय, माणूस ओळखायच्या अवस्थेत नव्हता तुम्ही."

तिथं माझा विचार सुरू झाला. मला औषधाचं ज्ञान कमी पडलं नव्हतं. झोप कमी पडली होती.

शहरात ह्याला 'बर्नआऊट' म्हणतात. आपल्याकडं हा शब्द काढला की लोक हसतात. "हे एसीत बसणाऱ्यांचं, शेतकऱ्याला कसला बर्नआऊट?" पण जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये ह्याची नोंद केली आहे. ते म्हणतात हा आजार नाही, कामाचा ताण दीर्घकाळ आवरला गेला नाही की येणारी अवस्था आहे. खुणा तीन. अंगातली ताकद संपल्यासारखी वाटणं. कामाविषयी मन उडणं, चिडचिड होणं. आणि काम हातून नीट न होणं.

आता आपल्या भाषेत सांगतो. झोपून उठलं तरी अंग मोडून येतं. रानाकडं जायचं म्हणलं की पोटात गोळा येतो. बांधावर कुणी बोलायला आलं की नको वाटतं. कारखान्याची तोड, दुधाचा दर, केळीचा व्यापारी, कशावरही एकच उत्तर, "काय उपयोग?" आणि रोजच्या कामात चुका. हे तुम्हाला होत नसेल तर चांगलंय. मला वर्षभर होत होतं आणि मी त्याला आळस म्हणत होतो.

हे आलं कुठनं? आमच्या आज्याला कष्ट कमी नव्हते. पण त्याचं वर्ष तुटक होतं. हा सगळा भाग जिराईत. पेरणी, खुरपणी, सुगी, आणि मग उन्हाळ्यात जत्रा, लग्नं, पारावरच्या गप्पा. काम नसायचे महिने होते, गरिबीचे का होईना. सोमवारी औत धरायचं नाही म्हणजे नाही. उजनी धरण 1980 साली पुरं झालं, भीमेचं पाणी मागं भिगवणपर्यंत फुगलं आणि काठावरची रानं हळूहळू बारमाही झाली. पाण्यानं आपल्याला वर काढलं, त्याला नावं ठेवणार नाही. पण पाण्याबरोबर रिकामा महिना गेला. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा. तो तुटतोय तोवर खोडव्याचं काम. बाजूला केळी, डाळिंब, भाजीपाला. गोठ्यात संकरित गाया, दिवसाला दोन धारा, वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस. म्हणजे आपण काम चौपट केलं, आणि सुट्टी होती तेवढीही काढून टाकली.

शनिवार-रविवारी पुण्याच्या गाड्या कुंभारगावला रोहित बघायला येतात. त्यांचा रविवार आमच्या काठावर साजरा होतो. आमचा रविवार कोणता, हे मला पोरानं विचारलं तेव्हा सांगता आलं नाही.

खरं तर विश्रांतीची किंमत आपल्याला कळते. बेंदराच्या आदल्या दिवशी बैलाची खांदेमळणी करतो, सणादिवशी त्याच्या मानेवर जू ठेवत नाही. ट्रॅक्टरचे अडीचशे तास भरले की ऑइल बदलतो. रानाला बेवड म्हणून पीक बदलतो. फक्त मालकाला आणि मालकिणीला काही नाही.

आता उपाय. "सकारात्मक राहा", "योगा करा" हे सांगणारे खूप आहेत. ते वाईट नाही. पण पहाटे तीनला चिखलात उभ्या माणसाला सकारात्मक विचार किती पुरणार? ताण कामातून आलाय तर काम बदलावं लागेल. आम्ही केलेल्या तीन गोष्टी सांगतो.

एक, नको असलेलं पाणी बंद केलं. आपली सवय अशी की लाईट आली की मोटर चालू. गरज आहे का बघतच नाही. आता आधी वीतभर खोल उकरून माती मुठीत दाबतो. गोळा होतोय, ओल आहे, तर त्या रात्री जात नाही. भारी काळ्या रानात उसाचं पाणी एक-दोन दिवसांनी लांबलं तर ऊस वाळत नाही. उलट जास्त पाण्यानं काठाची रानं खारवटतात, ते आपण डोळ्यानं बघतोय. मला वाटलं त्यापेक्षा बऱ्याच रात्री फुकटच जागलेल्या निघाल्या.

दोन, सावड. जुन्या लोकांची सावड पेरणी-काढणीची होती, आम्ही झोपेची केली. आमच्या डीपीवर सहा मोटरी, त्यातले चौघे तयार झालो. दोघांनी जोडीनं जायचं आणि चौघांचंही पाणी बघायचं, दोघांनी घरी झोपायचं. दुसऱ्या रात्री उलट. जोडीनं अशासाठी की उसात बिबट्या आहे, पायाखाली घोणस आहे, रात्री एकट्यानं जाण्यात शहाणपण नाही. सगळं गोड झालं असं नाही. एका रात्री बार फुटून शेजाऱ्याच्या कांद्यात पाणी घुसलं, दोन दिवस अबोला होता. "माझ्या उसाला मागनं पाणी दिलं" ही तक्रार आजही असते. पण चौघांपैकी कुणालाही परत एकट्यानं जायचं नाही.

ऑटो स्टार्टर बसवा म्हणून काही जण सांगतील. पण लाईट आली की सगळ्या मोटरी एकदम उठतात आणि डीपीवर लोड येतो, म्हणून महावितरणही ऑटो लावू नका, कपॅसिटर लावा असंच सांगतं. आणि ऑटो असला तरी फुटलेला बार तो बुजवत नाही. खरा उपाय दिवसाची लाईट. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 पासून आहे, फीडर सौरऊर्जेवर आले की दिवसा पाणी देता येतं. आपला फीडर त्यात कुठवर आलाय, हे ग्रामसभेत विचारायला पाहिजे. अनुदानासाठी आपण चार हेलपाटे घालतो, मग झोपेसाठी एक घालायला काय हरकत आहे?

तीन, गोठ्याची सुट्टी. हे सगळ्यात अवघड गेलं. गाय परक्या हाताला पान्हा चोरते. म्हणून भावकीतल्या दोन घरांनी आधी आठ दिवस एकमेकांच्या गोठ्यात बरोबर धार काढली, जनावरांना हात ओळखीचा करून दिला. आता आठवड्यातनं एक संध्याकाळ आमची धार ते काढतात, एक त्यांची आम्ही. बायको माहेरी दोन दिवस राहून आली, ते पण धारेची काळजी न करता. किती वर्षांनी, ते विचारू नका, मलाच लाज वाटते. आपण मालकाच्या थकव्यावर बोलतो, पण पहाटे पहिली आणि रात्री शेवटची जी जागी असते तिच्याविषयी कुणी बोलत नाही.

ह्या पेजवर कृषी अधिकारी, कंपन्यांचे प्रतिनिधी, सल्लागार पण आहेत. साहेब, तुमच्याकडं एक मागणं. शिफारस देताना खर्च सांगता, उत्पादन सांगता. त्याबरोबर हेही सांगा की ह्याला माणसाचे तास किती लागतील, आणि ते दिवसाचे की रात्रीचे. आठ फवारण्यांचं वेळापत्रक कागदावर चांगलं दिसतं. ते पाळणारा माणूस चार रात्री जागा असेल तर पाचवी फवारणी माझ्यासारखी होते. आणि टार्गेट, पंचनामे, ॲपवरच्या नोंदी ह्यात तुमचीही तीच गत आहे, हे आम्हाला दिसतं. तुम्ही पण एक दिवस फोन बंद ठेवा. आम्ही समजून घेऊ.

कुणी म्हणेल, कर्ज आणि भाव हीच खरी दुखणी, झोपेनं ती थोडीच जाणार? बरोबर आहे. झोपेनं भाव वाढत नाही. पण भाव मिळेल तेव्हा माल रानात असायला लागतो, आणि माणूसही धड असायला लागतो.

एक गोष्ट मात्र सावडीवर सोडू नका. झोप येतच नसेल, जेवण जात नसेल, जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील, तर तो नुसता थकवा नाही. सरकारची टेली मानस सेवा आहे, नंबर 14416. फुकट आहे, दिवसरात्र चालू असते, मराठीत बोलता येतं. डॉक्टरकडं जायला लाजू नका. गाय दोन दिवस वैरण खाईना तर आपण डॉक्टर बोलावतोच की.

माझ्या नोंदवहीत पाणी, खत, फवारणी, मजुरी असे रकाने होते. आता पाचवा वाढवलाय, झोपेचे तास. सलग दोन रात्री चारच्या खाली गेलं की त्या दिवशी औषधाला हात लावायचा नाही, हा नियम. तणनाशकाचा पंप आता शेडमध्ये नसतो, वेगळ्या खोलीत कुलपात असतो. चावी बायकोकडं. आधी मला किती झोपलात विचारते, मग देते.

तुमच्या डीपीवर किती मोटरी आहेत? ह्या रात्रीच्या पाळीच्या आधी एकदा सगळ्यांनी बसून बोला.