चेंडू जमिनीला का घाबरतो?

माझा पहिला चेंडू जमिनीवर आदळलाच नाही. वरून सुटला, मध्ये वेग धरला आणि जमीन जवळ आल्यावर हळू होत होत अलगद टेकला. भाचा शेजारी बसून बघत होता. म्हणाला, "मामू, तुमचा बॉल जमिनीला घाबरतोय."

ब्लेंडर नावाचं ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर आम्ही दोघं गेल्या काही महिन्यांपासून शिकतोय. मी पन्नाशीकडे झुकलेला, तो वीस वर्षांचा. जागा रांजणगाव एमआयडीसीच्या कडेची भाड्याची खोली, लॅपटॉप जुना, वेळ त्याची शिफ्ट सुटल्यावरची. चेंडूचं दुखणं नंतर कळलं. आपण फक्त ठिकाणं सांगतो: पहिल्या चौकटीत चेंडू वर, बाराव्या चौकटीत खाली, चोविसाव्या चौकटीत पुन्हा वर. मधल्या चौकटी सॉफ्टवेअर भरतं, आणि न सांगता प्रत्येक ठिकाणाजवळ वेग कमी करतं. हवेत, सर्वात वर, ते बरोबर आहे. जमिनीवर चूक आहे. तिथे आलेखातली गोलाई मोडून टोक काढावं लागतं, मग चेंडू खरा आदळतो. एवढं कळायला मला चार संध्याकाळी लागल्या. भाच्याला एक.

त्याला लवकर का कळलं, हे मला महत्त्वाचं वाटतं. तो वेल्डिंग रोबोटच्या लाइनवर हेल्पर आहे. रोबोटला काम शिकवताना ऑपरेटर हातातल्या रिमोटने रोबोटचा हात एका जागी नेतो, पॉइंट सेव्ह करतो, दुसऱ्या जागी नेतो, पॉइंट सेव्ह करतो. मधला प्रवास कोणत्या वेगाने, सरळ रेषेत की वळण घेऊन, हे वेगळं सांगतो. ॲनिमेशनवाले ज्याला की-फ्रेम म्हणतात ते हेच. हाताचा पंजा कुठे हवा ते सांगितलं की कोपर आणि खांदा किती वळवायचा ते कॉम्प्युटर काढतो, ते गणितही दोन्हीकडे एकच. सीएनसीवर काम केलेल्या पोराला एक्स, वाय, झेड शिकवावं लागत नाही. रांजणगाव, कारेगाव, ढोकसांगवीच्या खोल्यांमधून अशी कितीतरी पोरं राहतात. पुण्यातल्या चकचकीत क्लासमध्ये जे 'टॅलेंट' शोधतात, त्यातलं अर्धं इथे फॅक्टरीत युनिफॉर्म घालून फिरतं. त्याला कुणी ते सांगितलेलं नाही, इतकंच.

क्लासचा विषय निघालाच आहे तर सांगतो. बारावीनंतर भाच्याला ॲनिमेशन करायचं होतं. आपाने गळ्यातलं मोडून एका क्लासची फी भरली. पहिले दोन महिने फोटो कापणं आणि लोगो बनवणं, मग शिकवणारा बदलला, मग तोही आला नाही. ज्या महागड्या सॉफ्टवेअरवर शिकवलं ते घरी घेणं शक्य नव्हतं, त्यामुळे सरावही नव्हता. वर्षाअखेर हातात सर्टिफिकेट आलं, आणि पोरगा कंत्राटावर लाइनला लागला. आपा अजून कुणाला दोष देत नाही. नशीब म्हणते. मी म्हणत नाही.

माझं म्हणणं असं. फी भरायच्या आधी तीन महिने घरी फुकट शिकून बघा. ब्लेंडर फुकट आहे, आणि चोरीचं नाही. ते बनवणारी कंपनी बुडाली तेव्हा टोन रूझेंडाल या डच माणसाने २००२ साली लोकांकडे पैसे मागितले. सात आठवड्यांत एक लाख युरो जमले, आणि त्या ऑक्टोबरमध्ये सॉफ्टवेअर सर्वांसाठी खुलं झालं. वर्गणी काढून विहीर खोदावी आणि पाणी साऱ्या गावाला मोकळं करावं, तसं. आपल्याकडे याला सदका-ए-जारिया म्हणतात. त्याच ब्लेंडरवर लॅटवियातल्या गिंट्स झिल्बालोडिस या तरुणाच्या चमूने 'फ्लो' नावाचा सिनेमा केला. एक मांजर, एक पूर, शब्द एकही नाही. २०२५ साली त्याला ऑस्कर मिळालं.

क्लास वाईटच असतात असं नाही. चांगला उस्ताद वर्षभराचं भटकणं वाचवतो. पण आधी चेंडू उसळवलेला असेल, तर समोरचा उस्ताद आहे की सेल्समन हे ओळखता तरी येतं.

आता घरातली अडचण. जुम्म्यानंतर एका बुजुर्गांनी मला थांबवून विचारलं, "जानदारांची चित्रं हलवायला शिकवताय पोराला?" प्रश्न मनापासून होता, मी तो हसण्यावारी नेला नाही. तस्वीर निषिद्ध मानणारी मोठी परंपरा आपल्यात आहे, आणि तिचा धाक मूर्तिपूजेचा होता, हेही खरं. पण इजिप्तचे मुफ्ती मुहंमद अब्दुह यांनी शंभरेक वर्षांपूर्वीच लिहिलं होतं की पूजेचा धोका नसेल तर ज्ञानासाठी काढलेल्या चित्राला हरकत असू नये. आणि अबू दाऊदच्या हदीस संग्रहातला तो प्रसंग मला फार आवडतो. हजरत आयशांच्या बाहुल्यांमध्ये पंखांचा एक घोडा होता. पैगंबरांनी विचारलं, घोड्याला पंख? त्यांनी उलट विचारलं, सुलेमानांच्या घोड्यांना पंख होते हे ऐकलं नाहीत का? आणि पैगंबर मनमोकळे हसले. मी बुजुर्गांना एवढंच सांगितलं. ते पटले नाहीत. मात्र त्यांचा नातू त्यांच्याच मोबाइलवर दिवसभर कार्टून बघतो, त्यावर दोघेही काही बोललो नाही.

ते कार्टून कोणत्या भाषेत असतं? हिंदी, उर्दू, इंग्रजी. नबींच्या गोष्टी सांगणारे ॲनिमेशनचे व्हिडिओ मला जे सापडले ते याच भाषांतले. आमच्याकडची पोरं जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत जातात, घरी दखनी बोलतात, उर्दू लिपी त्यांना वाचता येत नाही. इथून जवळच्या श्रीगोंद्यात शेख महंमदांनी चार शतकांपूर्वी 'योगसंग्राम' मराठीत लिहिला. आज त्याच पट्ट्यातल्या मुसलमान मुलाला स्वतःच्या घरासारखं घर, अम्मीसारखी अम्मी पडद्यावर मराठी बोलताना दिसत नाही. दिसतो तो सुरमा घातलेला खलनायक. ही तक्रार आपण वर्षानुवर्षं सेमिनारमध्ये करतो. आता तिच्यावर उपाय करणारं यंत्र फुकट मिळतंय, तर तक्रार थोडी कमी करून चेंडू उसळवायला बसावं, असं मला वाटतं.

सोपं मात्र नाही, हेही सांगून ठेवतो. चोविस चौकटींचा एक सेकंद. दहा सेकंदांच्या चित्राला दोनशे चाळीस चौकटी. आमच्या लॅपटॉपवर एक चौकट पक्की व्हायला दोन मिनिटं, म्हणजे पूर्ण आठ तास, एक शिफ्ट. गुरुवारी वीज जाते. पहिल्यांदा आम्ही थेट व्हिडिओ काढायला लावला आणि सहाव्या तासाला सगळं गेलं. आता प्रत्येक चौकट वेगळं चित्र म्हणून साठवतो. वीज आली की राहिलेल्या चौकटीपासून पुढे. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी कुंडीतलं वाटाण्याचं रोप एकेक चौकट टिपत वाढवून दाखवलं होतं. त्यांच्या सबुरीपुढे आमचे आठ तास काहीच नाहीत, पण रात्री दोन वाजता हे आठवत नाही.

सगळं जग नवशिक्याला आधी डोनट बनवायला लावतं. इंटरनेटवर तोच धडा प्रसिद्ध आहे. आम्ही बालुशाही केली. मध्ये खळगा, कडेला पापुद्रे, वर पाकाची चकाकी. पाक जमायला आठवडा गेला. आपाने बघून विचारलं, "इतकी सुकी कशी झाली?"

भाच्याने आता घोडा घेतलाय. चार पायांची चाल अजून बसत नाही, मागचा उजवा पाय जमिनीत घुसतो. पंख नंतर लावू म्हणतो.