सीतेच्या शोधात मामा

माझे थोरले मामा १९७२ साली लेस्टरला गेले. तिथल्या मोज्यांच्या कारखान्यात त्यांनी चाळीस वर्षं इंग्रजांच्या पायांची सेवा केली. २०१३ साली, आता आपल्या गुडघ्यांना ऊन हवं म्हणून, मामा-मामी स्पेनमधल्या तोरेविएखा ह्या गावी, समुद्रापासून जरा लांब (जवळचे परवडत नाहीत), दोन खोल्यांचा फ्लॅट घेऊन राहायला गेले.

लेस्टरमध्ये मामांना 'इमिग्रंट' म्हणत. स्पेनला गेल्यावर तेच मामा 'एक्स्पॅट' झाले. माणूस तोच, बॅग तीच, बॅगेतली लोणच्याची बरणीसुद्धा तीच. मी बी.कॉम. झालेला माणूस आहे. एकच रक्कम एका वहीत नावे आणि दुसऱ्या वहीत जमा दिसते, हे मला मान्य आहे. पण एकच मामा एका देशात नावे आणि दुसऱ्या देशात जमा, ही एंट्री काही मला पटेना.

मामांना मात्र ती फार आवडली. स्पेनच्या त्या किनाऱ्यावर इंग्रज लाखांनी आहेत. त्यांच्यात बसून मामाही म्हणू लागले, "आम्ही एक्स्पॅट लोक." पुढे २०१६ साली ब्रिटननं युरोपात राहायचं की निघायचं ह्यावर मतदान झालं. मामांना इंग्लंड सोडून तीनच वर्षं झाली होती, तेव्हा त्यांना मत होतं. ते त्यांनी पोस्टानं पाठवलं. कुणाला दिलं हे मी विचारलं, की फोनची लाईन खराब होते.

ब्रिटन ३१ जानेवारी २०२० ला बाहेर पडलं. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात मामांचा फोन आला. आवाज रडवेला.

"बाळ्या, सीता मिळत नाही रे!"

मी हादरलो. बहात्तराव्या वर्षी माणूस अशा भानगडीत? मग उलगडा झाला. सरकारी कचेरीत जायचं तर आधी वेळ ठरवून घ्यावी लागते. तिला स्पॅनिशमध्ये 'सीता प्रेविया' म्हणतात. (माद्रिदकडे 'थीता' म्हणतात, पण मामांना दातांची कवळी आहे.) ही सीता कॉम्प्युटरवर मिळते, म्हणजे मिळत नाही. रोज सकाळी उठून पाहावं तर 'सध्या उपलब्ध नाही'. अशा वेळा अडवून विकणाऱ्या टोळ्या पोलिसांनी पकडल्याच्या बातम्याही तिथल्या वर्तमानपत्रांत येऊन गेल्या. तेव्हा रावणही होता. नव्हता तो फक्त हनुमान.

अर्थात हनुमानाच्या जागी तिथे 'हेस्तोर' असतो. म्हणजे आपल्याकडे आर.टी.ओ.बाहेर छत्रीखाली बसतो तोच, पण त्यांचा हेस्तोर परीक्षा पास झालेला, रीतसर व्यावसायिक असतो. त्यानं मामांना यादी दिली. पासपोर्ट. जुना हिरवा रहिवासी कागद. ई.एक्स. २३ नंबरचा अर्ज. आपण त्याच गावात राहतो असा नगरपालिकेचा दाखला, तोही ताजा, तीन महिन्यांच्या आतला. शिवाय ७९० नंबरच्या फॉर्मवर बाराएक युरो फी, जी कचेरीत घेत नाहीत, बँकेत भरायची. आणि बँक ती घेते सकाळी साडेआठ ते साडेदहा! हे ऐकून माझा ऊर भरून आला. जगात आपण एकटे नाही.

दाखला मिळाला तर सीता मिळेना. सीता मिळाली तोवर दाखला शिळा. शेवटी सगळं जुळलं आणि मामा पोलीस ठाण्यात ठसे देऊन आले. कार्ड आलं तर त्यावर भलतंच! स्पॅनिश माणसाला आडनावं दोन असतात, एक बापाचं, एक आईचं. त्यांनी मामांच्या नावामधलं वडिलांचं नाव उचललं आणि ते पहिलं आडनाव करून टाकलं. आमचे आजोबा जन्मात पनवेलच्या पलीकडे गेले नाहीत, ते मरणोत्तर स्पेनच्या दफ्तरात जाऊन बसले.

इथवर हसण्यासारखं. पुढचं नाही. ह्या धावपळीत गाडीचं लायसन्स बदलून घ्यायचं राहिलं. स्पेन आणि ब्रिटनच्या वाटाघाटी लांबत गेल्या आणि १ मे २०२२ पासून तिथे राहणाऱ्या इंग्रजांची ब्रिटिश लायसन्सं तिथे चालेनाशी झाली. करार झाला १६ मार्च २०२३ ला. मधले साडेदहा महिने मामांची गाडी दारात उभी. मामीला आठवड्यातून दोनदा गुडघ्याच्या व्यायामासाठी दवाखान्यात न्यायचं होतं. टॅक्सी थोडे दिवस परवडली. मग मामी म्हणाली, "घरीच करीन मी." घरी कुणी व्यायाम करतं का? लायसन्स परत आलं, पण मामी आता काठीशिवाय उठत नाही.

हे मी डबा खाताना शाखेत सांगितलं. आमचे हेडकॅशियर आनंदानं म्हणाले, "बरं झालं! दीडशे वर्षं आपल्याला रांगेत उभं केलंन्, आता भोगा म्हणावं!" सगळे हसले. मीसुद्धा हसलो. पण घरी येताना लोकलमध्ये ते हसू घशात अडकलं. म्हणून हे भांडण.

पहिलं भांडण हेडकॅशियरांशी. भोगलं कुणी? पंधरा वर्षांहून जास्त काळ देशाबाहेर राहिलेल्या इंग्रजांना त्या मतदानात मतच नव्हतं. ती अट जानेवारी २०२४ मध्ये उठली, म्हणजे वरात गेल्यावर अक्षता वाटल्या. आणि मामीच्या गुडघ्यानं कुठल्या हिंदुस्थानावर राज्य केलं होतं?

दुसरं भांडण मामांच्या बाकावरल्या इंग्रज मंडळींशी. ती म्हणतात, "हे स्पॅनिश लोक आळशी. सारखं आपलं उद्या, उद्या!" अहो, हे त्यांच्याच लारा नावाच्या लेखकानं १८३३ साली लिहून ठेवलंय. पंधरा दिवसांत कामं उरकायला माद्रिदला आलेल्या एका परदेशी माणसाला प्रत्येक दारात 'उद्या या' ऐकावं लागतं, असा तो लेख. घरच्या माणसानं म्हटलं तर तो विनोद, पाहुण्यानं म्हटलं तर आगाऊपणा. आणि कागदाचं म्हणाल, तर ईस्ट इंडिया कंपनीच्या सर्वांत खालच्या नोकराचा हुद्दाच 'रायटर' होता! तेव्हा दुसऱ्याच्या शाईला नावं ठेवू नयेत. शिवाय ब्रिटनला युरोपातून बाहेर काढलं ते तोरेविएखाच्या खिडकीतल्या बाईनं नव्हे. एक्स्पॅट आणि इमिग्रंट हा भेद बागेतल्या बाकावर चालतो. खिडकीपाशी सगळे सारखेच, नंबर अमुक.

तिसरं भांडण अवघड आहे, कारण ते माझ्याशीच आहे.

गेल्या नोव्हेंबरात एक आजी खिडकीशी आल्या. पेन्शनसाठी हयातीचा दाखला. यंत्रावर अंगठा लावला, जुळेना. भांडी घासून रेषाच उरल्या नव्हत्या. मी म्हटलं, "आजी, उद्या या."

त्या म्हणाल्या, "अरे, मी उभी आहे ना तुझ्यासमोर?"

आता खरं सांगतो. हातानं भरायचा फॉर्म माझ्याच ड्रॉवरमध्ये होता. नियमात तो चालतो. पण ड्रॉवर जरा घट्ट आहे आणि वाजले होते दोन. आजी दोन बस बदलून गेल्या आणि दुसऱ्या दिवशी दोन बस बदलून परत आल्या. न येत्या, तर मी त्यांना कागदोपत्री मारलं असतं.

म्हणून माझी मागणी एवढीच. कागद मागा. कागदाशिवाय बँक चालत नाही, देश तर नाहीच. पण सगळे एकदम मागा, एका चिठ्ठीवर लिहून द्या, आणि 'उद्या या' म्हणायच्या आधी आपला ड्रॉवर उघडून पाहा. 'उद्या या' हा कुठल्याही देशाचा कायदा नाही. तो खुर्चीचा स्वभाव आहे.

परवा मामांचा फोन. इंग्लंडच्या पेन्शन खात्याचं पत्र आलंय : आपण जिवंत आहात का? साक्षीदाराच्या सहीनिशी कळवावे, नपेक्षा पेन्शन थांबू शकते.

"बाळ्या, तू बँकवाला. तुझी सही चालेल का रे? व्हिडिओवर दिसतोय ना मी जिवंत?"

घड्याळात दोन वाजले होते. माझ्या तोंडात 'उद्या' आलाच होता. मी तो गिळला आणि म्हटलं, "पत्र वाचून दाखवा मामा. सगळं. सावकाश."